इस्कंदरियात मागितलेला शिधा

मामा,

तुमच्या दसव्याला, दहाव्या दिवशी, चौधरीबुवा तुमच्या दारात आले. पाच वर्षांत पहिल्यांदाच. आपल्या जातीचा मुख्य पंच दारात आला म्हणून यमुनेनं घाईघाईनं घोंगडी अंथरली. ते घोंगडीवर बसले नाहीत, ओट्याच्या कडेला टेकले. त्यांनी पाणी मागितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही, कारण वाळीत टाकलेल्या घरचं पाणी ते पिणार नव्हते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"गेलेल्या मानसावर राग ठेवू नाई," ते म्हणाले. "तेरवीले आमी समदे जेवाले येतो. दंड नाई, प्रायश्चित्त नाई. पानं वाढायच्या आधी तुमी हात जोडून एवढंच म्हना, मास्तर, का मामाचं चुकलं. बस. तुमच्या मामाचं घर जातीत आलं."

ते गेल्यावर मी तुमच्या लेकीकडे पाहिलं. यमुना अकोल्याहून आली ती आल्यापासून रडलेली मी पाहिली नाही. तिच्या नणंदेचं लग्न अडलं आहे. वाळीत टाकलेल्याची मुलगी ज्या घरानं केली, त्या घरची मुलगी करायला कोणी पुढं येत नाही. एका शब्दानं ते सुटणार होतं. यमुना म्हणाली, "दादा, तुमाले जे वाटते ते करा. मले इचारू नोका."

तीन दिवस होते माझ्यापाशी. त्या तीन दिवसांत मी मनातल्या मनात तुमच्याशी जे बोलत होतो ते इथं लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझं प्रत्येक पत्र मीच घरी येऊन तुम्हाला वाचून दाखवत असे, तसं हेही मोठ्यानं वाचीन.

अमेरिकेत लढाई चालली होती त्या वर्षांत आपल्या अमरावतीच्या बाजारात कापूस सोन्यासारखा विकत होता. तुमचा जन्म गेला होता वांगी-मिरच्यांच्या मळ्यात, पण नाव झालं ते कापसाच्या पारखीत. ढिगाच्या वरचा कापूस तुम्ही कधी पाहिला नाही. कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, तळाशी जाऊन मूठभर कापूस बाहेर काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तंतू ओढायचा आणि डोळे मिटून सांगायचं: हा तेल्हाऱ्याचा, हा पाण्यात भिजवून वजनी केलेला, ह्यात मागच्या सालचा मिसळला आहे. विकणारे चिडत. तुम्ही म्हणत, "वरून तं समदेच पांढरे असतात, बापा."

मुंबईच्या एका शेटजींना मिसर देशातला लांब तंतूचा कापूस कोणीतरी बोटांनी पारखून यावा असं वाटलं, आणि त्याचं बी आपल्या काळ्या मातीत लागेल का हेही समजून घ्यायचं होतं. त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही एकच अट घातली: "माह्या भाच्याले संग पाठवा. तो इंग्रजी बोलते." मी तेव्हा नुकताच पदवी घेऊन आलो होतो. आपल्या सात पिढ्यांत अक्षर ओळखणारा पहिला मी. मी शाळेत जावं म्हणून माझ्या वाटणीची मोट तुम्ही हाकलीत. पहाटे तुमची आणि दुपारी माझी. त्या इंग्रजीचा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता.

निघण्याआधी चौधरीबुवांसमोर तुम्ही बेलभंडारा उचलून शपथ घेतली: परमुलखात दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं खाणार नाही. दहा वर्षांच्या यमुनेनं पोत्यात दशम्या, भाजलेल्या ज्वारीचं पीठ, गूळ आणि गाडगंभर जवसाची चटणी भरून दिली. भुसावळपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी, मग आगबोट. बोटीच्या तळघरात समुद्राचं पाणी शिरलं आणि पोतं भिजलं. सुएझला उतरलो तेव्हा त्याला हिरवी बुरशी आली होती. तुम्ही ते धक्क्यावर उलटं केलंत, चटणीचं गाडगं हुंगलंत आणि खाली ठेवलंत.

मिसरच्या इस्कंदरिया शहरात पोचलो त्या दिवशी मी मोठ्या भरवशानं तुम्हाला बंदरावरच्या खाणावळीत नेलं. पांढरी कापडं घातलेली मेजं होती, भिंतीला माणसाएवढे आरसे होते. साहेबाची भाषा सगळीकडे चालते असं मी तुम्हाला वाटेत दहादा सांगितलं होतं. तुम्ही खुर्चीवर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "शिधा माग."

तुम्हाला ते अगदी साधं वाटत होतं. आपल्याकडे पाहुणा दुसऱ्याच्या हातचं खाणारा नसला तर शिधा मागतो. घरचे तांदूळ, डाळ, मीठ, चार लाकडं काढून देतात, तो अंगणात तीन दगड मांडून रांधून खातो. कोणी रुसत नाही. मी माझ्या चांगल्यातल्या चांगल्या इंग्रजीत सांगितलं: कच्चे तांदूळ द्या, डाळ द्या, मीठ आणि एक भांडं द्या, आणि विस्तव करायला जागा दाखवा. वाढपी ग्रीक होता की इटालियन, देव जाणे. तो कमरेत वाकला आणि थोड्या वेळानं भात घेऊन आला, वर रस्सा आणि कोंबडीची तंगडी. मी परत पाठवला. तो तंगडी काढून तोच भात घेऊन आला. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तिसऱ्या वेळी तो मालकाला घेऊन आला.

"काय म्हनते हा?" तुम्ही विचारलंत.

"त्याला इंग्रजी येत नाही."

"मंग तू त्याच्याशी इंग्रजी काहून बोलून राहिला?"

"दुसरं काय बोलू, मामा?"

"हातानं बोल. देवानं दोन देले हायेत."

आणि तुम्ही मिठाची वाटी, पाण्याचा पेला आणि मिऱ्यांची डबी अशी तिन्ही जवळ सरकवलीत, त्यांच्यावर ताट ठेवलंत, आणि खाली वाकून फुंकर मारलीत. सगळी खाणावळ बघत राहिली. मालकानं ताट ओढून घेतलं. त्याच्या मेजावरच्या कापडाला तुम्ही आग लावणार असं त्याला वाटलं असावं.

शेजारच्या मेजावर एक वयस्क इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी मला विचारलं काय हवं आहे. मी त्यांना शिधा म्हणजे काय ते सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही खाणावळीत स्वतः स्वयंपाक करायला आला आहात?" मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही जराही गडबडला नाहीत. "त्याले सांग, आमच्या इकडे पाहुना रांधते तं घरवालीले तेवढाच आराम भेटते."

ते मी त्यांना सांगितलं नाही, मामा. मला लाज वाटली. मी "थँक्यू" म्हणालो आणि तुम्हाला बाहेर घेऊन आलो. आता वाटतं, ते गृहस्थ हसले असते आणि आपल्याला बसायला त्यांच्या मेजावर जागा दिली असती. त्या गावात माझी इंग्रजी समजणारा एक माणूस मिळाला होता, आणि तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य मी त्याच्यापर्यंत पोचवलं नाही. रस्त्यात तुम्ही विचारलंत, "काय म्हनला तो?" मी म्हणालो, "काही नाही." तुम्ही म्हणालात, "तुही मुंबईची हळू आवाजाची भाषा तिथंच राहू दे. भूक लागली का गड्या, जोरानं बोलावं लागते."

मग खजूर, दूध आणि नारिंगं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तुम्ही दिवसभर वखारींतून हिंडत होतात, कापसात हात खुपसत होतात, तिथल्या व्यापाऱ्यांशी नुसत्या भुवया वर-खाली करून बोलत होतात. आपल्याकडच्या बाजारातले अर्धे शब्द त्यांना कळत होते. कीमत, हिसाब, वजन म्हटलं की ते मान डोलवत. माझी सोबत तुम्हाला लागतच नव्हती. पाचव्या दिवशी मला ताप भरला. पोटात काही राहीना. दूध बघितलं तरी उमळून यायचं.

आपली खोली एका भटारखान्याच्या वर होती. गोद्यांवरचे हमाल तिथं जेवायला येत. मी खिडकीशी पडलो होतो, खालच्या अंगणातली उघडी चूल मला सगळी दिसत होती. तुम्ही खाली उतरलात आणि सरळ तिथल्या म्हाताऱ्या स्वयंपाक्याच्या चुलीकडे चाललात. तो ओरडला. बाहेरच्या माणसानं आत येणं त्याला चालत नसावं. तुम्ही थांबलात, दाराशी जोडे काढलेत, पागोटं सारखं केलंत आणि अनवाणी आत गेलात. त्याचं ओरडणं तिथंच थांबलं. देवळात शिरल्यासारखे तुम्ही त्याच्या स्वयंपाकघरात शिरलात, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

निखाऱ्यात पुरलेला एक मोठा चिंचोळ्या तोंडाचा हंडा होता. त्यात वालासारखे मोठे दाणे रात्रभर शिजत असत. म्हाताऱ्यानं वरचा रस डावानं काढून तुमच्यापुढे धरला. तुम्ही मान हलवलीत. डाव त्याच्या हातून घेतलात, तळापर्यंत घातलात, ढवळून तळाचे दाणे वर काढलेत. दोन दाणे बोटांत चिरडून पाहिलेत. हाड नाही, चरबी नाही. मग त्यानं वरून तेल ओतलं, आणि तुम्ही एकदम थबकलात. वाटी नाकाशी नेलीत. खालूनच मला हाक मारलीत:

"लेका, जवसाचं तेल हाये. आपल्या घरच्यावानी."

तुम्ही पोटावर हात फिरवून दाखवलात, वर खिडकीकडे बोट केलंत, कपाळावर हात ठेवून ताप दाखवलात. म्हाताऱ्यानं वर माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं दाणे पुन्हा घोटले, त्यांत कांदा घातला नाही, तिखट घातलं नाही, नुसतं मीठ आणि तेल. आजाऱ्याचं जेवण कसं असतं हे त्यालाही ठाऊक होतं. तुम्ही दोघं पाऊण तास बोलत होतात आणि एकमेकांचा एक शब्द दोघांना कळत नव्हता.

वाटी आणि गरम भाकरीसारखी जाड रोटी घेऊन तुम्ही वर आलात. मी म्हणालो, "मामा, शपथ."

तुम्ही माझ्यासमोर बसलात, रोटीचा तुकडा मोडलात, दाण्यांत बुडवलात आणि स्वतः खाल्लात. पुरता चावून, गिळून. मग म्हणालात, "आता मी खाल्लं. मोडली ते माही शपथ मोडली. आता तू खा."

मी खाल्लं. तीन दिवस खाल्लं. ताप उतरला. कापसाचं बी घेऊन आपण परत आलो.

आगबोटीवर आपलं भांडण झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणत होतो, सांगायचंच कशाला? त्या गावात आपल्याला ओळखणारं कुत्रं नव्हतं. आपण हातानं रांधून खाल्लं म्हणू. तुम्ही म्हणत होतात, "मी खोटं बोललो तं उद्या माह्या पारखीवर कोन इश्वास ठेवीन? तळातलं वर काढाचं काम हाये माहं."

देवळाच्या पटांगणात पंच बसले. चौधरीबुवांनी विचारलं तेव्हा तुम्ही उभे राहिलात आणि सरळ म्हणालात, "खाल्लं. तीन दिवस. मुसलमानाच्या हातचं."



"अन् यानं?" चौधरीबुवांनी माझ्याकडे बोट केलं.

तोंड उघडायची माझी पाळी होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. "हा तापानं पडला होता," तुम्ही म्हणालात. "यानं खजूर अन् दूध घेतलं."

आणि मी खाली पाहिलं.

ज्या माणसानं स्वतःसाठी एक खोटं बोलायला नकार दिला, त्यानं माझ्यासाठी ते पटांगणात उभं राहून बोललं, आणि मी ते चालू दिलं. त्याबद्दल तुम्ही मला पुन्हा एकदाही काही बोलला नाहीत. प्रायश्चित्त घ्या, दंड भरा, मोकळे व्हा, असं मी तुम्हाला किती वेळा म्हणालो. तुम्ही म्हणत, "भाचा मरून राहिला होता, मी त्याले खाऊ घातलं. यात चुकलं काय ते सांग, मंग भरतो." मला कधी सांगता आलं नाही. तेल्हाऱ्याला ठरलेलं यमुनेचं लग्न त्यामुळे मोडलं. दोन वर्षांनी अकोल्याच्या एका माळ्यानं तिला सून करून घेतली तेव्हा तो एवढंच म्हणाला की, "ज्याच्या घरात खोटं नाही त्याची पोरगी मले चालते." तो चांगुलपणा त्यांना अजून महागात पडतो आहे. मला मात्र जातीनं हातावर घेतलं. अकोल्याच्या शाळेत मी मास्तर झालो. चौधरीबुवांनीच माझं लग्न जमवलं, मांडवात पुढं बसून जेवले. माझ्या मुलाच्या बारशाला, आपल्या गावात मी घर बांधलं त्याच्या वास्तूला, गावातली सगळी मंडळी माझ्या घरी जेवून गेली. तुम्ही रस्त्यापलीकडून बघत होतात. लग्नात तुमच्या हातानं अक्षता पडल्या नाहीत. नंतर संध्याकाळी तुम्ही मागच्या दारानं आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "बायकोले इंग्रजी शिकव. तुले तिच्याशी भांडाले कोनती तरी भाषा लागीन."

मागच्या महिन्यात मी तुम्हाला पुन्हा म्हणालो, मामा, आता तरी मिटवा. तुम्ही अंथरुणावर होतात. म्हणालात, "तू मास्तर हायेस. पोराईले शिकवतेस ते खरं असते का?" मी म्हणालो, "असतं." तुम्ही म्हणालात, "मंग झालं." एवढ्यावर ते राहिलं. पटांगणातलं माझं गप्प राहणं माझ्यावर उलटवायची ती चांगली संधी होती, पण तुम्ही ती घेतली नाहीत. मी वाट पाहत होतो.

काल पंगत बसली. मळ्यातल्या आंब्याखाली दोन ओळी. पानं मांडली होती, पाणी फिरलं होतं. यमुना आणि तिची सासू वाढायला तयार होत्या. चौधरीबुवा ओळीच्या टोकाला बसले आणि मला खूण केली. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. यमुना भांडं हातात घेऊन चुलीपाशी थांबली. मला तिच्या नणंदेचं तोंड दिसत होतं. तीही वाढायला होती.

मी हात जोडले नाहीत. म्हणालो:

"इस्कंदरियात मामानं जे खाल्लं ते मी पण खाल्लं. तीन दिवस, दोन्ही येळा. मामा त्या दिवशी माझ्यासाठी खोटं बोलले. मी गप्प राहिलो. त्यांचं काई चुकलं नाई. आता तुमी काय ते ठरवा."

चौधरीबुवांचा हात पानावरच राहिला. "मास्तर, बसा खाली," ते हळूच म्हणाले. "तुमाले कोनी हे इचारलं नव्हतं."

"पाच वर्षांपूर्वी इचारलं होतं," मी म्हणालो.

मग पंगतीतून मोजल्यासारखी कुजबुज सुरू झाली, आणि ते काय मोजत होते ते मला कळलं. माझं लग्न. माझ्या मुलाचं बारसं. वास्तू. कोण कोण जेवलं होतं. पाच वर्षं मी वाळीत टाकण्यासारखा होतो, आणि त्या पाच वर्षांत या दोन ओळींतला प्रत्येक माणूस माझ्या घरचं जेवून गेला होता. त्यांच्या घरी मग आणखी लोक जेवले होते. चौधरीबुवा तर माझ्या मांडवात पहिल्या पंगतीला होते.

पलीकडच्या ओळीतली एक म्हातारी, जात्यावर गाऊन आवाज घोगरा झालेली, म्हणाली, "मंग आता कोन कोनाले वाळीत टाकते, सांगा ना बा. म्या तं याच्या पोराच्या बारशाले दोनदा मागून घेतलं होतं."

कोणीतरी हसलं. तिघं उठून गेले. मी त्यांना अडवलं नाही, त्यांची नावंही लिहीत नाही. बाकीचे बसून राहिले. चौधरीबुवांनी पान जवळ ओढलं. त्यांचं वय झालं आहे, मामा. माझ्या लग्नात ते मांडवभर हिंडले होते, आता बसल्या जागेवरून उठायला त्यांना हात लागतो.

"वाढा," ते शेवटी म्हणाले. "आन् त्या पोरीचं नाव काय म्हनलं? यमुनेची ननंद. उद्या माह्याकडे पाठवा तिच्या बापाले. पोरगं पाहू."

यमुनेनं पहिला भात त्यांच्या पानावर घातला. पंगत जेवू लागली. मी वाढायला लागलो. चौधरीबुवांच्या पानापाशी वरण घेऊन वाकलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं काही रागाचं बोलतील.

"तुमच्या मामाले मी एक गोष्ट इचारली नाई," ते म्हणाले. "शपथ मोडली का, एवढंच इचारलं. तठी तुमी खाल्लं ते होतं तरी काय?"

मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो. वालासारखे दाणे, म्हणालो, रात्रभर निखाऱ्यात पुरून शिजवलेले. वर जवसाचं तेल.

"जवसाचं?" त्यांनी घास थांबवला. "मिसर देशात जवस?"

"हाव. आपल्यावानीच."

"अन् कसं लागे?"

शेजारचे दोघंतिघंही जेवता जेवता थांबले होते. पाच वर्षांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं, मामा, आणि तुम्हालाही नाही. मी पातेलं खाली ठेवलं आणि त्या म्हाताऱ्याच्या चुलीपासून सगळं सांगायला सुरुवात केली.